मागावर चढलेलं सूत

"खा गं, चिमणीसारखं काय टिपत बसलीस!" असं म्हणत क्लावामावशीनं माझ्या ताटलीत आणखी एक करंजी टाकली, आणि तेवढ्यात गेना आत आला. बुटाचा बर्फ न झटकता तसाच आला, त्यावरूनच मी ओळखलं की स्वारीचं काहीतरी बिनसलंय. एरवी मावशीच्या फरशीवर ओला बूट टेकवायची हिंमत त्या घरात कुणाची नव्हती.

करंजी म्हणजे आपली नव्हे हं. पिरोझ्की म्हणतात तिथं. जाड पिठाची, टम्म फुगलेली, आत सारणाच्या जागी परतलेला कोबी. मी सोलापूरची, तिखटाशिवाय घास न उतरणारी. पण त्या करंज्यांवर माझा जीव जडला होता. माझे आबा गिरणी कामगार, लाल बावट्याचे. पोरीनं शिकायचं तर रशियातच, असं त्यांनी माझ्या बारशालाच ठरवून टाकलेलं असावं. त्यांनी सगळी खटपट करून मला कापडाचं शिक्षण घ्यायला इवानोवोला पाठवलं, आणि मी तिथं शिकत असतानाच तो देश नकाशावरून पुसला गेला. आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ते पत्रात विचारायचे, "नक्की बघितलंस का?"

शेवटच्या वर्षी कामाचा अनुभव घ्यायला मला इवानोवोजवळच्या एका लहान गावातल्या गिरणीत धाडलं. 'लाल धागा' तिचं नाव. राहायला क्लावामावशीच्या घरी. ही मागखात्याची मुकादम, विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, अंगानं दणकट. गेना तिचा एकुलता एक, गिरणीच्या पुरवठा खात्यात कामाला. त्याची बायको वेरा आणि चिमुरडी नास्त्या दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या.

"बूट," मावशी म्हणाली.

"आई, आधी ऐक."

"आधी बूट."

गेनानं बूट काढले. मग स्टुलावर बसून त्यानं समोरची करंजी उचलली, बघितली आणि परत ठेवली.

"हे पीठ कुठून आलं माहितेय तुला?"

"कुठून म्हणजे? मॉस्कोहून. गेल्या पंधरवड्यात सगळ्या गिरणीला वाटलं की." मावशी माझ्याकडं वळली. माझ्या शाला नावाचं तिनं लाडानं शालोच्का केलं होतं. "मी म्हणत नव्हते शालोच्का, की त्यांना आपली आठवण आहे? उशीर होतो, पण विसरत नाहीत."

गेना हसला. ते हसणं काही बरं नव्हतं.

"मॉस्कोहूनच आलं. पण मंत्रालयातनं नाही आई. मंत्रालयाला टाळं लागलंय. त्या इमारतीत आता कुणीतरी इटालियन बाथरूमच्या फरश्या विकतंय. मी डोळ्यानं बघून आलोय."

"मग पीठ कुणी दिलं?"

"इगोर म्हणून एक जण आहे. व्यापारी. पीठ, साखर, तेल, वॅगनभर माल. निम्मा आलाय, निम्मा सूत दिल्यावर."

"कुठलं सूत?"

"आपलं. गोदामातलं. शुक्रवारी त्यांच्या ट्रका येतायत."

आता हे सूत काय होतं ते सांगते. पूर्वी गिरणीला मॉस्कोहून आकडा यायचा, की यंदा इतकं कापड विणा. सूत सरकार पाठवायचं, कापड सरकार उचलायचं. विकणं म्हणून काही काम असतं हे त्या बायांना ठाऊकच नव्हतं. आता आकडा येणं थांबलं होतं, सूत येणं थांबलं होतं आणि पगार तर उन्हाळ्यापासून नव्हता. गोदामात उझबेकी कापसाच्या बारीक सुताच्या शेवटच्या पेट्या तेवढ्या होत्या. त्या सुताला परदेशात मोठी मागणी. आणि त्याच सुताच्या चादरी विणल्या, तर त्या घ्यायला मात्र कुणी नव्हतं. म्हणजे बाईनं राबून राबून मालाची किंमत कमी करायची! माझ्या सोलापुरी डोक्यात तो हिशेब चटकन बसला. मावशीच्या डोक्यात तो शिरायला जागाच नव्हती.

तिनं हात पुसले. मग ओट्याला टेकून म्हणाली, "तू गिरणीचं सूत विकलंस."

"विकलं नाही. पिठाच्या बदल्यात..."

"तू. गिरणीचं. सूत. विकलंस."

"गिरणीच्या साहेबांना माहितेय आई! त्यांनीच मान डोलावली."

"मान डोलावली! कागदावर सही केली का? नाही ना? उद्या पोलीस आले की साहेबांची मान दुखत असेल आणि तू आत जाशील." तिचा आवाज चढला. "गेन्का, माझी आई आठव. तुझी आजी. युद्धानंतरच्या उपासमारीत गिरणीतून धाग्याचं एक रीळ ओच्यात घालून आणलं तिनं. एक रीळ! मी नऊ वर्षांची होते. दारातून नेली तिला. सात वर्षं झाली शिक्षा. परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. एका रिळासाठी. आणि तू गोदाम विकलंस!"

"तो काळ गेला गं."

"काळ जातो. पोलीस कुठं जातात?"

गेनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "शाला, तू तरी सांग हिला. पीठ आपण खाल्लंय. सगळ्या गावानं खाल्लंय. ही माणसं कोर्टात जात नाहीत. शुक्रवारी सूत मिळालं नाही तर ती मला सोडणार नाहीत. शेजारच्या काचकारखान्यातला पुरवठ्याचा माणूस गाडीसकट जळाला, ऐकलंस ना?"

"मावशी, तो खरं सांगतोय," मी म्हटलं. "आमच्याकडंही असे लोक असतात. घेतलेल्या शब्दाला ते..."

"तुमच्याकडं असतील," मावशी म्हणाली. "तुमच्याकडं भांडवलशाही आहे."

कपाळ! गेना उठला, बूट घातले. तो त्याच संध्याकाळी ट्रकांची वेळ ठरवायला मॉस्कोला जाणार होता आणि गुरुवारी परतणार होता. दारात तो थांबला. "शुक्रवारपर्यंत त्या पेट्यांना हात लावू देऊ नकोस कुणाला. एवढं कर माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी मी काय करायचं ते मला कळतं," मावशी म्हणाली.

सकाळी गिरणीच्या वाटेवर ती माझ्या पुढं चार पावलं झपाझप चालत होती. फाटकाजवळ एकदम वळली. चेहरा बघते तर काय, हसरा! रात्रभर जागून काहीतरी सापडलं होतं तिला.

"शालोच्का, ते सूत आपण चढवायचं."

"म्हणजे?"

"मागावर. सगळंच्या सगळं."

मला कळेना. मग तिनं समजावलं. कधीकाळी मंत्रालयातून हुकूम यायचे, की अमक्या गिरणीचं सूत काढून तमक्या गिरणीला द्या. तेव्हा ह्या बाया काय करायच्या? अधिकारी स्टेशनावर उतरायच्या आत सूत मागावर चढवून मोकळ्या व्हायच्या. एकदा का ताणा बीमवर, मागाच्या त्या मोठ्या रुळावर, गुंडाळला, त्याला खळ लागली आणि माग सुरू झाला, की ते सूत राहत नाही. तो 'चालू माल' होतो. चालू मालाला हात लावायचा नाही, असा नियमच. अधिकारी यायचा, चरफडायचा, चहा पिऊन परत जायचा.

"ब्रेझनेवच्या काळात असं दोनदा वाचवलंय मी," मावशी अभिमानानं म्हणाली. "आता विणून टाकलं की संपलं. सूतच नाही, तर विकणार काय? विकलंच नाही, तर गुन्हा कसला? माझं पोरगं सुटलं."

"मावशी, ती मंत्रालयाची माणसं नाहीत. नियम बघून परत जाणारी नाहीत."

"माणसं सगळी सारखीच गं. टोप्या तेवढ्या वेगळ्या."

"आणि खाल्लेल्या पिठाचं काय?"

"कापड देऊ की! सुतापेक्षा कापड मोलाचं नाही का? चोख विणलेलं, धुतलेलं, घडी घातलेलं. सूत घेऊन काय करणार ते, अंगावर पांघरणार?"

मी तिचा हात धरला. खरंच धरला. म्हटलं, "गेना येईपर्यंत थांब." तिनं माझा हात सोडवला, थोपटला, आणि म्हणाली, "तुला मूल नाही अजून."

मॉस्कोत गेना कुठं उतरला होता ते वेरालाही ठाऊक नव्हतं. मी पोस्टातून साहेबांच्या घरी फोन लावला, तर त्यांच्या बायकोनं सांगितलं की साहेब आजारी आहेत, मान आखडलीय. अगदी असंच म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं त्याला तिथं 'वादळ' म्हणायचे. महिनाअखेर आली आणि आकडा पुरा व्हायचा असला की सगळी गिरणी घरदार विसरून कामाला भिडायची, ते वादळ. मावशीनं खात्यात जाऊन नुसतं "बायांनो, वादळ!" म्हटलं. बस. कित्येक महिने बंद मागांपुढं स्वेटर विणत बसलेल्या बाया अशा उठल्या, जशा काही लग्नघरच्या. कुणी विचारलं नाही की पगार मिळणार का, कापड कोण घेणार. सुताला खळ लावणारी, सायझिंगची रायसा, जिचे गुडघे जिना चढताना रडायचे, ती खळीच्या कढईपुढं ठाण मांडून बसली. गोदामाच्या किल्ल्या मावशीकडंच होत्या. मुकादमीण ना ती. पेट्या फुटल्या. बीम भरले. एकेक करत माग धडधडू लागले आणि त्या थंडगार खात्याला ऊब आली.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. भीती होतीच, पण त्या आवाजानं मला माझं सोलापूर आठवलं. डबा घेऊन आबांच्या गिरणीत जायची मी, तेव्हा असाच आवाज फाटकाबाहेरूनच छातीत शिरायचा. बाया गात होत्या, आवाज ऐकू येत नव्हता, फक्त तोंडं हलताना दिसत होती. मावशी तर वीस वर्षांनी लहान झाली होती. तुटला धागा दिसला की मला ढकलून पुढं व्हायची, दोन बोटांत गाठ मारायची आणि हसायची.

गुरुवारी दुपारी गेना आला.

तो खात्याच्या दारात उभा राहिला. मागांच्या खडखडाटात तिथं बोलून काही उपयोग नसतो. विणकर लोक ओठ वाचतात. गेना तर तिथंच मोठा झालेला, आईच्या मागाशेजारी पेटीत झोपलेला. मी पण त्याच बिरादरीतली. त्यामुळं दोघांचं जे बोलणं झालं ते मी लांबून सगळं वाचलं. ते इतक्या वर्षांत काही केल्या पुसलं जात नाही.

मावशीनं त्याला बघितलं. तोंडभर हसून तिनं ओठांनी म्हटलं, "सगळं चढवलं."

तो दोन पावलं आत आला.

"सुताचा एक कोनसुद्धा उरला नाही. आता तुला कुणी हात लावणार नाही, बाळा."

गेना जवळच्या रिकाम्या पेटीवर बसला. आधी मला वाटलं तो ओरडेल. काहीतरी फोडेल. त्यानं इकडंतिकडं बघितलं. धावणारे धोटे, घामेजलेल्या बाया, उतरलेले पांढरेशुभ्र तागे. मग आईकडं बघितलं. ती उभी होती परीक्षेचा निकाल घेऊन आल्यासारखी. शेवटी त्याचे ओठ हलले.

"छान विणलंयस, आई."

तिनं पदरानं... पदर कुठला, डोक्याच्या रुमालानं डोळे पुसले आणि परत मागाकडं वळली. माझ्याकडं बघून डोळा मारला, जणू म्हणत होती, बघ, आलं की नाही लेकरू ताळ्यावर!

मी धावत त्याच्या मागं अंगणात गेले. "पळून जा गेना. आत्ताची गाडी पकड."

"आणि वेरा? नास्त्या? इगोरच्या माणसांना घर माहितेय." त्याला सिगारेट पेटवता येईना, काड्या विझत होत्या. "मी बोलतो इगोरशी. सैन्यात एका बराकीत राहायचो आम्ही. काहीतरी निघेल."

"आईला नीट सांग. ओरड तिच्यावर!"

"काय ओरडू?" तो म्हणाला. "तिनं मला तुरुंगातून सोडवलंय, शाला. किती वर्षांनी तिला असं हसताना बघितलं मी."

शुक्रवारी सकाळी दोन रिकाम्या ट्रका आल्या आणि पुढं एक मोटार. मला वाटलं होतं कुणी राक्षस उतरतील. उतरला तो चष्मा लावलेला, हातमोजे काढून सगळ्या बायांना नमस्कार करणारा एक सभ्य तरुण. तो इगोर. बरोबर दोन गप्प माणसं.

मावशी त्याला स्वतः खात्यात घेऊन गेली. पाहुण्याला घर दाखवावं तशी. तागे उलगडून दाखवले, काठ दाखवला, उजेडात धरून वीण दाखवली. "सूत नाही आता, पण त्याहून चांगलं आहे. हे न्या. तुमच्या पिठाची भरपाई होऊन वर उरेल."

इगोरनं कापड दोन बोटांत धरून चोळलं. त्याला कळत होतं कापडातलं.

"सुंदर आहे, मावशी," तो म्हणाला. "माझी आई पण विणकरच होती. पण कापड नको मला. कापड सगळीकडं पडलंय, कुणी विचारत नाही. मला सूत हवं होतं. मी पुढं शब्द दिलाय."

"मग शब्द बदला! सांगा की चालू माल आहे, हात लावता येत नाही."

इगोर तिच्याकडं बघत राहिला. ती थट्टा करतेय की काय, हे त्याला समजेना. मग त्यानं गेनाकडं वळून विचारलं, "हिला माहितेय?"

"तिला यातलं काही माहीत नाही," गेना घाईनं म्हणाला. "हिचा काही संबंध नाही. माझं आहे ते."

"बरं. चल, गाडीत बसून बोलू. जरा फिरून येऊ."

"थांबा थांबा!" मावशी म्हणाली आणि धावतच कपाटाकडं गेली. सकाळी भाजलेल्या करंज्या तिनं रुमालात बांधून आणल्या होत्या. अर्ध्या गेनाच्या हातात दिल्या, अर्ध्या त्या गप्प माणसांपैकी एकाच्या. "लांबून आलात, उपाशी असाल. गरम आहेत अजून."

त्या माणसानं इगोरकडं बघितलं. इगोरनं मान हलवली, तेव्हा त्यानं घेतल्या.

मी गेनाची बाही धरली. त्यानं माझी बोटं हळूच सोडवली आणि म्हणाला, "वेराला सांग, संध्याकाळी जेवायला थांबू नका." मावशीनं त्याची टोपी कानापर्यंत ओढली. "गेन्का, कान झाक. ताप आणशील." तो वाकला, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि गेला. ट्रका रिकाम्याच परत वळल्या.

"बघितलंस?" मावशी मला म्हणाली. "चहासुद्धा न पिता गेले. मंत्रालयवाले निदान चहा प्यायचे."

रात्री गेना आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आणि वेरा पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूत कुणाचं होतं? विकायचा कागद आहे का?" वेरानं नकारार्थी मान हलवली. "मग मी लिहू काय?" तो म्हणाला. आपली बोटं शेगडीवर शेकत बसला. त्यालाही चार महिने पगार नव्हता.

मावशीचं मात्र वेगळंच. तिनं मनाशी धरलं होतं की गेना लपून बसलाय. पोलिसांच्या भीतीनं. "हुशार आहे माझा. प्रकरण थंड झालं की येईल. सूत विकलंच नाही हे कळेल त्यांना, कळायला वेळ लागतो." त्या हिवाळ्यात ती रोज गिरणीत जायची. माग बंद होते. चादरी शिवून, घड्या घालून, गोदामात छताला टेकलेल्या. कोणी न्यायला येणार म्हणून ती गोदामापुढचा बर्फ फावड्यानं साफ करायची. मी एकदा चिडून म्हटलं, "कुणी येणार नाही गं मावशी, नको मरू थंडीत." ती म्हणाली, "वाट मोकळी असली की बरं."

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि गेना सापडला. इवानोवोच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला, खड्ड्यात. ओळख पटवायला मावशी, वेरा आणि मी गेलो. वेरा दारातच कोसळली. मावशी आत गेली. मग तिनं वाकून त्याच्या कानाला हात लावला. टोपी नव्हती.

बाहेर आल्यावर बाकावर बसून ती म्हणाली, "शालोच्का, एक सांग. मी ते चढवलं नसतं, तर?"

मी बोलायला तोंड उघडलं. काहीतरी खोटं, चांगलं, सांत्वनाचं बोलायचं होतं मला. ती माझ्या ओठांकडं बघत होती. सारा जन्म ओठ वाचण्यात गेलेली बाई. माझे ओठ नुसतेच थरथरले आणि तिनं वाचायचं ते वाचलं.

"आईनं रीळ चोरलं, आणि परत आली," ती म्हणाली. "मी काहीच चोरलं नाही."

पुढं ती त्यावर कधी बोलली नाही. रडलीही नाही. मीच रडले, उशीत तोंड खुपसून, आईला हाका मारत.

त्या मे महिन्यात गिरणीनं थकलेल्या पगाराच्या जागी चादरी वाटल्या. ज्यानं त्यानं आपापल्या विकाव्यात. मावशीच्या वाट्याला गाठोडी आली, गेनाच्या थकलेल्या पगाराचीही तिलाच दिली. वेरा अंथरुणाला खिळलेली, नास्त्या दुधासाठी रडायची. मॉस्कोची लांब पल्ल्याची गाडी आमच्या स्टेशनावर पाणी घ्यायला थांबे. साऱ्या बाया फलाटावर चादरी घेऊन उभ्या राहू लागल्या. रायसासुद्धा.

पहिल्या दिवशी मावशी खांबाआड उभी राहिली, चादर छातीशी धरून. 'विकणारी' ही तिच्या तोंडची सगळ्यात घाण शिवी होती. तिच्या तोंडून शब्दच फुटेना. मी म्हटलं, "दे इकडं." आमची आत्या सोलापूरच्या बाजारात चादरी विकायची; ओरडणं माझ्या रक्तातच. मी खिडक्याखिडक्यांशी धावले, "चादरी! सुती चादरी! हात लावून बघा!" आणि चार खपवल्या. मावशी माझ्याकडं अशी बघत होती, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेव्हा मी गाठोडं उचलायला वाकले. मावशीनं माझ्या हातातून ते काढून घेतलं. खांबाआडून निघाली आणि सरळ गाडीला भिडली. आणि ओरडली. मागांच्या गदारोळात कधी आवाज वापरावाच लागला नव्हता तिला. मला तोवर माहीतच नव्हतं तो एवढा मोठा आहे ते.

"चादरी घ्या! चादरी!"

एका खिडकीतून बनियन घातलेला जाडा माणूस डोकावला. त्यानं चादर उलटीपालटी केली, ओढून बघितली.

"टिकेल का?"

"टिकेल. हातानं गाठी मारल्यात." मावशीनं श्वास घेतला. "हिच्यापायी माझा मुलगा गेला."

फलाटावर त्या दिवसांत प्रत्येकजण काही ना काही सांगायचा. कुणाचा नवरा आजारी, कुणाचं घर जळालेलं. त्यानं उसासा टाकला, चादर पुन्हा एकदा बोटांत चोळली आणि विचारलं, "दोन घेतल्या तर काही कमी कराल का?"

शिट्टी झाली. मी पुढं होणार तेवढ्यात मावशीनं हात आडवा धरून मला थांबवलं.

"करते," ती म्हणाली.

गाडी हलली. ती खिडकीच्या बरोबरीनं चालत राहिली, पैसे घेतले आणि दुसरी चादर आत दिली.